चाकातली केसभर जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि अकरा सायकली. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी चौकात कुणी ना कुणी सायकल उलटी करून बसलेलं असे. शेजारी पत्र्याच्या झाकणात रॉकेल, धोतराचं जुनं फडकं आणि दोन पाने. चाकाचा आस काढला की हबमधून काळे छर्रे गळायचे. ते रॉकेलमध्ये टाकायचे, धुवायचे आणि मोजायचे. पुढच्या चाकात एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा. एखादा छर्रा कमी भरला की वाड्यातली सगळी पोरं फरशीवर ओणवी!

छर्रे नव्या ग्रीसमध्ये बसवून झाले की शेवटचं काम कोन आवळण्याचं. ते काम पोरांच्या हाती देताना मोठी माणसं हमखास बजावायची, "आवळू नकोस रे. चाक डुगडुगता कामा नये आणि अडताही कामा नये."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. पुढे शिकलो, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम पंचवीस वर्षांहून जास्त केलं. आणि तरीही एका नेमक्या दिवशी ते वाक्य विसरलो. त्याची किंमत खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी मोजावी लागली असती. थोडक्यात वाचलो. आज मोटारीच्या पुढच्या चाकाचं हब आणि त्यातली बेअरिंगं यांविषयी सांगायचं आहे ते त्या दिवसामुळेच.

खंबाटकीचा वास

गोष्ट २००४ सालच्या मे महिन्यातली. त्याच्या दोन वर्षं आधी मी एक जुनी टाटा सुमो घेतली होती. सुमो ही आपल्या पुण्याचीच गाडी. १९९४ साली ती बाजारात आली, आणि टेल्कोचे अध्यक्ष राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं गेलं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण गावोगावी अजूनही सुमो धावताना दिसतात.

जोतिबाला जायचं ठरलं होतं. गाडीत आई, पत्नी, दोन मुलं आणि सामान. निघण्याच्या आदल्या रविवारी मी स्वतःच पुढची दोन्ही चाकं खोलून बेअरिंगं धुतली, ग्रीस भरलं, नवी सीलं बसवली. काम अगदी स्वच्छ झालं. शेवटी हबचा नट आवळताना मात्र कारखान्याची सवय आडवी आली. कारखान्यात सैल बोल्ट म्हणजे गळती, सैल बोल्ट म्हणजे अपघात. मी लांब दांड्याचा पाना लावून नट चांगला आवळला. स्प्लिट पिनचं भोक समोर येईना, म्हणून आणखी थोडा पुढे आवळला. पिन घातली, टोपी ठोकली आणि हात धुतले.

खंबाटकी चढून आम्ही उतरणीला लागलो तेव्हा आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय."

मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील गं."

दोन वळणं गेली. आई पुन्हा म्हणाली, "ट्रक केव्हाच पुढे गेला की रे. वास इथेच आहे."

सुरूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. डाव्या चाकापाशी गेलो तर गालाला धग लागली. हबची टोपी काळवंडलेली, आणि रिमच्या आतल्या बाजूनं पातळ झालेलं ग्रीस तेलासारखं ओघळलेलं. थोड्या अंतरावर एक छोटं गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रींनी चाक गार होऊ दिलं, मग नटाची पिन काढली. नट सुटता सुटेना. शेवटी बाहेरचं बेअरिंग हातात आलं ते निळं-जांभळं पडलेलं. त्याचा पिंजरा एका ठिकाणी तुटला होता. मिस्त्रींनी ते तळहातावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, हे कुणी आवळलं?"

मी गप्प राहिलो. आईनं माझ्याकडे बघितलं, पण ती काही बोलली नाही. साताऱ्याहून नवी बेअरिंगं येईपर्यंत दिवस कलला, आणि त्या दिवशी जोतिबा राहिला. आणखी दहा-वीस किलोमीटर गेलो असतो तर काय राहिलं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

हबच्या पोटात काय असतं

बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध लाकडी तुंबा असतो, त्यातून लोखंडी आस जातो, आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला कुणी घालतात. लाकूड-लोखंड एकमेकांवर घासू नये म्हणून वंगण. मोटारीचं हब म्हणजे हाच तुंबा, फक्त पोलादी. सुमोसारख्या, मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढच्या चाकाचा आस स्थिर असतो. त्याला स्टब ॲक्सल म्हणतात. त्याच्याभोवती हब फिरतं, आणि दोघांच्या मध्ये दोन बेअरिंगं असतात. आतलं मोठं, बाहेरचं लहान.

घासण्यापेक्षा घरंगळणं सोपं, ही बेअरिंगमागची सगळी कल्पना. जड कपाट फरशीवरून ढकलून बघा आणि मग त्याच्याखाली दोन लाटणी घालून बघा. घोडागाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचं पेटंट वेल्समधल्या फिलिप व्हॉन यानं १७९४ मध्येच घेतलं होतं. पण चाकाची अडचण निराळी असते. चाकावर नुसतं वरून वजन येत नाही. गाडी वळते तेव्हा चाकाला बाजूनंही जोराचा रेटा बसतो. सरळ लाटण्यासारखे रोलर वरचं वजन उत्तम पेलतात, पण बाजूचा रेटा आला की हतबल होतात.

याचं उत्तर शोधलं ते घोडागाड्या बनवणाऱ्या एका माणसानं. अमेरिकेतल्या सेंट लुई इथल्या हेन्री टिमकेन यानं १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळवलं. यात रोलर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात. ते ज्या आतल्या कड्यावर फिरतात तेही निमुळतं असतं. आपले मिस्त्री त्याला 'कोन' म्हणतात. बाहेरच्या कड्याला म्हणतात 'कप'. उतार असल्यामुळे हे बेअरिंग वजनही पेलतं आणि बाजूचा रेटाही. मात्र रेटा एकाच दिशेचा. म्हणून एका हबमध्ये अशी दोन बेअरिंगं एकमेकांच्या उलट तोंडानं बसवतात. डावीकडून रेटा आला तर एक सांभाळतं, उजवीकडून आला तर दुसरं.

या रचनेत एक मेख आहे. निमुळता कोन कपात जितका आत ढकलावा तितकं बेअरिंग घट्ट होत जातं. म्हणजे त्यात किती जागा राहील हे कारखान्यात ठरत नाही. ते ठरतं शेवटचा नट आवळणाऱ्याच्या हातात. सायकलच्या कोनासारखंच!

ही जागा साधारण पाव दशांश ते सव्वा दशांश मिलिमीटर, म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी असते. केसाच्या जाडीएवढी म्हणा. ती का हवी? गाडी चालली की बेअरिंग तापतं. घाट उतरताना ब्रेकची डिस्क तापते आणि ती उष्णता हबमध्ये उतरते. लोखंड तापलं की फुगतं. फुगायला जागाच ठेवली नसेल तर रोलर कप आणि कोनाच्या मध्ये चिणले जातात, आणखी तापतात, आणखी फुगतात. ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, आणि मग कोरड्या लोखंडावर कोरडं लोखंड. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. उलट जागा फार ठेवली तर चाक डुगडुगतं, रोलरवर भार सारखा पडत नाही आणि टायरही वेडंवाकडं झिजतं.

सुमोचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे वेळा फिरतं. पुण्याहून मुंबईला, दीडशे किलोमीटर जाईपर्यंत एकेका चाकाचे सदुसष्ट हजारांच्या आसपास फेरे होतात. केसभर जागेचा हिशेब चुकला तर ती चूक प्रत्येक फेऱ्याला पुन्हा होत असते.

दुखणं ओळखायचं कसं

बेअरिंग सहसा न सांगता जात नाही. आधी ते बोलतं. चालत्या गाडीत 'हूंऽऽ' असा सलग आवाज येऊ लागतो आणि वेगाबरोबर वाढतो. क्लच दाबला तरी तो कमी होत नाही, म्हणजे दोष इंजिनात नाही. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला आणि आवाज बदलला, तर तो टायरचा. बदलला नाही, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. आणखी एक खूण अशी की गाडी डावीकडे वळवताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुधा उजव्या बाजूला, आणि उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या.

मग सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक लावायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये, चॅसीखाली स्टँड हवाच. आता चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर ती बेअरिंगची. तरीही राहिली, तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन बघावं लागेल. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खडखडलं तर स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक हळूहळू फिरवा. बेअरिंग खराब असेल तर आत वाळू असल्यासारखी खरखर हाताला कळते.

ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि कुणालाही जमेल. पुढचं काम मात्र माहीतगार माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. पण ते कसं होतं हे ठाऊक असलं म्हणजे गॅरेजमध्ये काय विचारायचं ते कळतं.

धुणं, पाहणं, भरणं

चाक काढलं की ब्रेकचा कॅलिपर सोडवतात. तो नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधून ठेवायचा. नाहीतर ब्रेकची नळी ताणली जाऊन आतून दुखावते. मग हबची टोपी हळूहळू ठोकून काढायची, स्प्लिट पिन काढायची आणि कंगोरे असलेला नट सोडायचा. हब थोडं पुढे ओढलं की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग डिस्कसकट हब काढून मागच्या बाजूचं सील उचकटायचं, म्हणजे आतलं बेअरिंग निघतं.

बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं धुवायचं आणि स्वच्छ कापडावर सुकू द्यायचं. इथे अनेक जण एक धोकादायक खेळ करतात. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवून सुकवतात. त्याचा शिट्टीसारखा आवाज ऐकायला मजा वाटते, पण ग्रीसशिवाय त्या वेगानं फिरताना रोलर खराब होतात, आणि पिंजरा सुटला तर तुकडे डोळ्यांत जातात.

सुकलं की उजेडात नीट बघायचं. रोलर आरशासारखे गुळगुळीत हवेत. निळी किंवा तपकिरी छटा म्हणजे ते तापलेलं आहे. बारीक खड्डे म्हणजे पोलादाचा पापुद्रा निघू लागला आहे. तांबूस डाग म्हणजे पाणी शिरलं आहे. यांपैकी काहीही दिसलं तर बेअरिंग बदलायचं, आणि बदलताना कप आणि कोन दोन्ही. नवा कोन जुन्या कपात बसवणं म्हणजे पैसे वाचवण्याचा सर्वांत महागडा मार्ग. हबमधला जुना कप काढताना आणि नवा बसवताना पितळी पंच वापरावा, आणि कप आडवातिडवा न होता तळापर्यंत बसला ना ते बघावं.

ग्रीसचंही शास्त्र आहे. साधं चॅसी ग्रीस शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागतं. घाटात तापलेल्या हबमध्ये ते टिकणार नाही. चाकांसाठी लिथियम जातीचं ग्रीस वापरतात. ते साधारण एकशेऐंशी अंशांपर्यंत वितळत नाही. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढावं, कारण वेगवेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी दोन्ही पातळ होतात. भरायची पद्धत अगदी घरगुती. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत दाबत ओढायची, आणि दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत थांबायचं नाही. पण हबची पोकळी ठासून भरायची नाही. जास्त ग्रीस घुसळलं जातं आणि त्यानंच हब तापतं. सील मात्र प्रत्येक वेळी नवंच.

शेवटचा नट

आता ती परीक्षेची जागा. हब बसवलं, बाहेरचं बेअरिंग, वॉशर आणि नट लावला. एका हातानं हब फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं नट आवळत जायचं. फिरवायचं अशासाठी की रोलर आपापल्या जागी नीट टेकावेत. हब जड फिरू लागलं की थांबायचं आणि नट मागे सोडायचा. मग पाना खाली ठेवून फक्त बोटांनी, लागेल तेवढाच नट पुढे घ्यायचा. पिनचं भोक आणि नटाची खाच जुळली तर उत्तम. नाही जुळली तर? इथेच मी चुकलो होतो. भोक जुळवण्यासाठी नट कधीही पुढे आवळायचा नाही, जवळच्या खाचेपर्यंत मागे सोडायचा. प्रत्येक गाडीची रीत थोडी निराळी असते, म्हणून तिची पुस्तिका काय सांगते ते शेवटचं प्रमाण.

पिन नवी घालायची. जुनी पिन वाकवून सरळ करून पुन्हा वापरणं म्हणजे बैलगाडीची कुणी सुतळीनं बांधण्यासारखं आहे. चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे, आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबायचं. कॅलिपर काढलेला असल्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतोच असं नाही. आठ-दहा किलोमीटर जाऊन यावं आणि हाताची मागची बाजू हबजवळ न्यावी. कोमट लागलं तर ठीक. चटका बसण्याइतकं तापलं असेल तर पुन्हा खोलावं.

पावसाचं पाणी

पुण्यात बेअरिंगचा आणखी एक शत्रू आहे, पाणी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. कडेनं जाता येईल असं वाटून कुणीतरी गाडी घालतोच. गाडी तापून आलेली असते. गरम हब एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेनं आत ओढलं जातं. गाडी पार होते, चालक खूश होतो. आत मात्र ग्रीसमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ होतं आणि रोलरवर गंजाचे ठिपके पडू लागतात. हूं आवाज येतो तो दोन-तीन महिन्यांनी, दिवाळीच्या प्रवासात.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी अनेकांच्या लक्षात असेल. अशा वेळी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन आणि वायरिंग लोक बघतात, गाद्या वाळवतात. चाकांकडे कुणाचं लक्ष जात नाही. हबच्या पातळीपर्यंत पाणी आलं असेल, तर उघडता येणारी हब खोलून धुणं आणि न उघडणारी पुढचे काही महिने कान देऊन ऐकणं एवढं केलंच पाहिजे.

तिसरा शत्रू म्हणजे भार. बेअरिंगच्या आयुष्याचं गणित स्वीडनमधल्या लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघांनी १९४७ मध्ये मांडलं. त्यानुसार भार दुप्पट झाला तर गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. रोलरच्या बाबतीत तर जवळजवळ दहाव्या. वडापाच्या जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं भरताना हे गणित कुणाला आठवत नाही, पण बेअरिंग ते विसरत नाही.

न उघडणारं हब

तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीत तर असं काही उघडता येत नाही. खरं आहे. १९९८ च्या डिसेंबरात पुण्यातच तयार झालेली इंडिका आली. ती आणि तिच्यासारख्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. अशा गाडीत हबच्या मधून इंजिनाची ताकद आणणारा दांडा जातो. आजच्या बहुतेक मोटारींत तिथे दुहेरी ओळीचं, कायमचं ग्रीस भरलेलं बंद बेअरिंग असतं. ते धुवायचं नाही, भरायचं नाही. बिघडलं की बदलायचं.

गंमत अशी की यात मधला नट भरपूर आवळायचा असतो, पुस्तिकेत दिलेल्या मापानं, टॉर्क पान्यानंच. मग ती केसभर जागा गेली कुठे? ती आहेच. फक्त आता कड्यांना घासतानाच कारखान्यात ती ठरवलेली असते, आणि नट ती कडी एकमेकांवर पक्की दाबून धरतो. म्हणून इथे नट सैल ठेवणं हीच चूक. नट सोडून गाडी नुसती ढकलली तरी बेअरिंग दुखावू शकतं.

गॅरेजवाल्यानं हे बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवलं तर त्याला थांबवा. ठोकताना धक्का गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर नजरेला न दिसणारे खळगे पडतात. नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं होतं. ते प्रेसनंच बसवावं लागतं, आणि ज्या कड्याला दाबून बसवायचं त्याच कड्यावर दाब द्यावा लागतो. ज्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारी चुंबकी पट्टी बेअरिंगच्या एका बाजूला असते, तिथे ते उलटं बसवलं तर एबीएसचा दिवा पेटून राहतो.

आणि सुटे भाग घेताना सावध असावं. आपल्या नाना पेठेत कुठल्याही गाडीचं बेअरिंग मिळतं. चिंचवडला तर १९६० च्या दशकापासून एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. ही कंपनी १९०७ साली स्वीडनमध्ये सुरू केली ती स्वेन विंगक्विस्ट या कापड गिरणीतल्या अभियंत्यानं, गिरणीतली बेअरिंगं सतत बिघडतात म्हणून वैतागून. देखभाल खात्यातल्या माणसाचा वैताग मला चांगला समजतो. पण ज्याचं नाव मोठं, त्याची नक्कलही होते. जुनं बेअरिंग बरोबर न्या, त्यावर कोरलेला क्रमांक जुळवा, पक्कं बिल मागा. भाव फारच कमी असेल तर खोकं आकर्षक असूनही परत द्या. खरं-खोटं तपासायला आता काही कंपन्यांनी मोबाइलवर सोय केली आहे, तिचाही उपयोग करा.

माझी सुमो मी पुढे बरीच वर्षं वापरली. दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधीच्या रविवारी चाकं खोलायचो. धाकटी मुलगी शेजारी बसायची. रॉकेलचं झाकण, फडकं, सगळं वाड्यातल्यासारखंच. शेवटचा नट तिला लावायला देताना मी पाना आधीच उचलून दूर ठेवायचो. "बोटांनीच," एवढं सांगायचो. आई खुर्ची टाकून बघत बसायची आणि दर वेळी विचारायची, "आवळला नाहीस ना रे?"

आपल्या गाडीची चाकं या पावसाळ्याआधी एकदा उचलून, हलवून, फिरवून बघा. हूं आवाज येत असेल तर रेडिओचा आवाज वाढवून तो झाकू नका. आणि गाडीत बसलेलं कुणी म्हणालं की काहीतरी जळतंय, तर आधी गाडी बाजूला घ्या. ट्रकचे ब्रेक आहेत की आपलं चाक, हा वाद खाली उतरल्यावर घालता येतो.